पडदा उघडतोस ना?

वाई, २१ डिसेंबर

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन मध्येच ठेवलास, त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. ‘सगळं सोडून घरी ये’ हे मी बोलायला नको होतं. हेलसिंकीला तू स्वतःच्या हिमतीवर गेलास, हे मी वाण्याच्या दुकानात उभी राहूनसुद्धा सांगते. पण इथे संध्याकाळचे सात, म्हणजे तुझ्याकडे साडेतीन, आणि तू काळोखात बसलेला, दाढी वाढलेली. दिवा तरी लावायचास.

आज सगळ्यात लहान दिवस. बाबांनी कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलंय, तुझ्याकडे सूर्य ९.२४ ला उगवणार, ३.१३ ला मावळणार. सहा तासही नाहीत. आपल्याकडे अकरा. भर दुपारीही तो तिथे जेमतेम साडेसहा अंश वर येतो म्हणे, म्हणजे समोरच्या इमारतीमागेच राहत असेल. म्हणून सांगते, बारा वाजता बाहेर पड. ढग असले तरी पड. पंधरा मिनिटं चाल, मग जेव. पडदा उघडतोस ना?

धुंधुरमास लागलाय. पहाटे उठून मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, लोणी, सगळं केलं. आजी तुला काळोखात उठवायची. तू तिच्या शालीत शिरून चुलीपाशी डुलक्या घ्यायचास आणि मध्येच विचारायचास, ‘सूर्य आला?’ ती म्हणायची, ‘आपण जेवायला बसू, मग तो येतो.’ आणि खरंच, तुझी भाकरी संपेपर्यंत समोरच्या कौलांवर ऊन उतरायचं. तुला वाटायचं, तूच त्याला आणलंस.

काय सांगत होते? हां, पडदा. मावशीचं ते वर्ष मी जवळून पाहिलंय रे. तिनेही आधी पडदेच लावून घेतले होते. आम्ही म्हणालो, दमली असेल, झोपू दे. झोप लागत नसेल, अन्न नकोसं होत असेल, तर तिथल्या डॉक्टरांकडे जा. मला नाही सांगितलंस तरी चालेल. नाही, सांग.

पुन्हा लेक्चर झालं. रागावू नकोस.

बाबा म्हणतात, सकाळ अजून काही दिवस उशिराच होईल, पण तुझी संध्याकाळ लांबायला लागलीसुद्धा. संक्रांतीपर्यंत आपला दिवस सहा-सात मिनिटांनी वाढतो, आजी म्हणायची तसा तिळातिळाने. तुझा पाऊण तासाने वाढेल. तिळाच्या वड्या पाठवल्या आहेत.

हे पत्र बाबा फोटो काढून पाठवतील. उद्या तुझ्या बारा वाजता, आपल्या साडेतीनला, फोन करते. रस्त्यावरून उचल.

तुझी आई