२६ जूनला फुटबॉल पण घ्या की साहेब

संपादकसाहेब, नमस्कार.

आपल्या पेपरातला दिनविशेष मी रोज वाचतो, पण त्यात खेळाचं काय असलंच तर ते क्रिकेटचंच, कुणाची सेंच्युरी नायतर कुणाचा बर्थडे. दुसऱ्या गावात हे चालून जाईल ओ, पण कोल्हापुरात?

२६ जून म्हणजे शाहू जयंती, दसरा चौकात गर्दी, तो मान पहिला आणि त्यात वादच नाही. पण ज्यांच्या नावाच्या स्टेडियमवर आपण ओरडून घसा बसवतो त्यांच्याच जन्मतारखेला फुटबॉलमध्ये काय काय होऊन गेलंय बघा. १९५४ ला वर्ल्डकपच्या क्वार्टर फायनलला लोझानमध्ये स्वित्झर्लंडनं ऑस्ट्रियावर पहिल्या वीस मिनिटांतच ३-० लीड घेतलेला, ऊन असलं की ऑस्ट्रियाच्या गोलकीपरला उन्हाचा झटका बसला, तरीपण ऑस्ट्रियानं तीन मिनिटांत तीन गोल मारून बरोबरी केली आणि मॅच ७-५ नं काढली. वर्ल्डकपच्या एका मॅचमध्ये बारा गोल, हे रेकॉर्ड अजून कुणी मोडलेलं नाही. आता गंमत ऐका, २००६ ला परत २६ जूनलाच हेच स्वित्झर्लंड युक्रेनकडून पेनल्टीवर हरलं आणि सगळ्या स्पर्धेत एकही गोल न खाता घरी गेलं. एकदा पाच मारून बाहेर, एकदा एकही न खाता बाहेर, तारीख तीच, काय म्हणायचं याला!

१९९२ ची डेन्मार्कची गोष्ट तर पोरांना शाळेत सांगावी अशी. युगोस्लाव्हियाला युद्धामुळं बाहेर काढलं म्हणून यांना ऐनवेळी बोलावलं आणि यांनी २६ जूनला फायनलला जर्मनीला २-० हरवून युरो कप नेला. दुसरा गोल मारणाऱ्या विल्फोर्टची मुलगी ल्युकेमियानं आजारी होती, तो स्पर्धा चालू असताना मधेच तिच्याकडं जाऊन परत येऊन खेळला. पुढं थोड्याच दिवसांत ती गेली.

२००३ ला याच तारखेला लियॉनमध्ये कॅमेरूनचा मार्क व्हिव्हियन फोए मॅच चालू असताना मैदानातच कोसळला आणि गेला, वय २८. त्याच्यावर जास्त लिहवत नाही.

आणि मेस्सी! पेठेपेठेत ज्याचे कटआऊट लागतात त्यानं २०१६ ला कोपा अमेरिका स्पर्धेच्या फायनलला चिलीविरुद्ध पेनल्टी घालवली, कप गेला, आणि तिथंच देशाकडून खेळणं बंद म्हणून सांगून टाकलं (आपल्याकडं तेव्हा २७ ची सकाळ झालेली, पण तारीख जिथली मॅच तिथलीच धरायची). पुढं निर्णय बदलून परत आला, आणि दोनच वर्षांनी, परत २६ जूनला, वर्ल्डकपमध्ये नायजेरियाविरुद्ध त्याचा गोल आणि शेवटी शेवटी रोहोचा गोल, अर्जेंटिना कशीबशी पुढं गेली. ब्राझीलवाल्यांना हे आवडणार नाही, पण इलाज नाही.

हे सगळं नेटवर सापडतं म्हणाल. मान्य. मग आपल्या गावाचं कुठं सापडतं ते सांगा? पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या आपल्या गावच्या टीमच्या जुन्या मॅचबद्दल तालमीतल्या वयस्कर माणसांना विचारा, गोल कुणी मारला, पास कुठनं आला, रेफ्रीनं काय खाल्लं, सगळं पाठ असतंय, फक्त तारीख विचारली की "महापुराच्या आधीच्या सीझनला" असं उत्तर येतं, आणि महापूर २००५ चा का २०१९ चा यावर परत तासभर वाद. (मी कुठल्या तालमीचा ते सांगत नाही, नायतर निम्मे वाचक इथंच पान उलटतील.)

तुमच्याकडं जुन्या अंकांच्या फायली असतीलच. त्यातनं केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगच्या, फायनलच्या बातम्या काढून आठवड्यातनं एकदा तरी तारखेसकट छापा. फोटो असला तर नाद खुळा, नसला तरी चालंल, पण स्कोअर आणि गोल मारणाऱ्याचं नाव पाहिजेच. फायली चाळायला माणूस नसंल तर सांगा, आमच्या कट्ट्यावरची चार रिटायर मंडळी फुकट येऊन बसतील, चहा तेवढा तुमचा.

आपला,
एक फुटबॉलवेडा वाचक, कोल्हापूर