राउटरवर 312, कॉम्प्युटरवर 94: परस्पर बंद केलेल्या तक्रारीबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: 300 एमबीपीएसचा प्लॅन, 100 एमबीपीएसचे लॅन पोर्ट

आत्ताच तुमच्या सुपरवायझरशी बोलून फोन ठेवला. तक्रार पुन्हा 'सोडवली' गेली आहे असं कळलं, म्हणून आता लेखी देते.

तुम्ही मला 300 एमबीपीएसचा प्लॅन विकलात आणि सोबत जो राउटर भिंतीवर ठोकून गेलात, त्याचे चारही लॅन पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, 100 चे आहेत. केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरला त्यातून 100 च्या वर काही मिळूच शकत नाही. आज नाही, राउटर बंद-चालू करून नाही, 'चोवीस तास वाट बघा' म्हणून तर नाहीच. राउटर तुमचा आहे, घाऊक खरेदी तुमची आहे, तेव्हा त्याच्या पाठीमागे काय आहे हे तुम्हाला ठाऊक असणारच. तरी तळाच्या स्टिकरचा आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकातल्या '10/100' या ओळीचा फोटो जोडला आहे.

मी घरून इमारतींच्या ड्रॉइंगचं काम करते. फाइल दोन-दोन जीबीच्या असतात. 300 च्या वेगाने अशी फाइल मिनिटाभरात उतरायला हवी. इथे जवळपास तीन मिनिटं लागतात. कॉम्प्युटर आतल्या खोलीत आहे. तिथे वाय-फाय धड पोचत नाही, म्हणून घराचं काम काढलं तेव्हाच भिंतीतून कॅट-6 केबल टाकून घेतली. त्यामुळे 'मॅडम, वाय-फायवर चेक करा' हा सल्ला कृपया पुन्हा देऊ नका.

मी टेस्ट कशी केली ते सांगते, कारण तुमच्याकडच्या एकानेही विचारलं नाही. कॉम्प्युटर केबलने थेट राउटरला जोडला. त्याचं वाय-फाय बंद, व्हीपीएन बंद, क्लाउडवर फाइल चढवणारी सगळी सॉफ्टवेअर बंद. घरातले फोन आणि टीव्ही नेटवरून काढले. ब्राउझरमधून केली, मग ॲपमधून केली, तुमच्या सर्व्हरवर केली आणि बाहेरच्या सर्व्हरवरही केली. आकडा 93 किंवा 94. रात्री नऊला, सगळी सोसायटी सिरियल आणि क्रिकेट बघत असताना 94, आणि पहाटे पाचला चिटपाखरू जागं नसतानाही 94. लाइनवर गर्दी असती तर आकडा वरखाली झाला असता. जो आकडा दिवसरात्र जागचा हलत नाही, तो पोर्टचा असतो. 100 च्या पोर्टमधून डेटाच्या पाकिटांवरचे पत्ते-शिक्के वजा जाता हातात 94-95 च उरतात, हे तुमच्या कुठल्याही इंजिनिअरला झोपेतून उठवून विचारा.

केबल खराब असेल, ही शंकाही मीच आधी काढून टाकली. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एखादी तुटली तर जोडणी 100 वर उतरू शकते. म्हणून माझा कॉम्प्युटर, म्हणजे लॅपटॉप, आणि एक छोटी केबल घेऊन खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेले. त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचा राउटर आहे. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड 1000/1000. वर येऊन तीच केबल तुमच्या राउटरला लावली: 100/100. दोन्हींचे स्क्रीनशॉट सोबत आहेत.

आता तुमच्या ॲपमधल्या त्या लाडक्या 'राउटर स्पीड टेस्ट'बद्दल. ती टेस्ट राउटरच्या पोटात चालते आणि तुमच्याच सर्व्हरपर्यंत जाऊन येते. म्हणजे फायबर राउटरपर्यंत ठीक आहे, एवढंच तिला सांगता येतं. लॅन पोर्टशी तिचा संबंधच येत नाही. माजिवड्यापर्यंत हायवे रुंद आहे म्हणून गायमुखच्या घाटात गाड्या अडकत नाहीत, असं घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला तरी सांगू नका. आणि याच्या उलटही होतं: मोठ्या प्लॅनवर राउटरचा छोटा प्रोसेसर स्वतःच टेस्ट चालवताना दमतो आणि आकडा कमी दाखवतो, कॉम्प्युटरला मात्र जास्त मिळत असतं. माझ्याकडे तसं झालं असतं, तर तुम्ही 'राउटरची टेस्ट ग्राह्य धरत नाही' म्हणाला असतात याची मला खात्री आहे.

टेक्निशियन आला होता. हॉलमध्ये राउटरखाली उभा राहिला, खिशातून फोन काढला, पाच गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर 290 दाखवलं, फोटो काढला आणि तक्रार बंद करायला ओटीपी मागितला. आत येऊन कॉम्प्युटर बघा म्हटलं, तर 'ते आमच्यात येत नाही.' ओटीपी मी दिला नाही. तो लिफ्टमध्ये शिरेपर्यंत तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला, शिवाय पाचपैकी किती स्टार देणार अशी विचारणा. तुमच्या नेटचा वेग एवढा असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता आजचा फोन. मराठीसाठीचं बटण दाबून, गाणं ऐकून झाल्यावर सुपरवायझर आले.

'मॅडम, आमच्या सिस्टिमवर तुमच्या राउटरला 312 दाखवतंय.'

'राउटरला. कॉम्प्युटरला किती येतंय?'

'तो तुमच्या एंडचा इश्यू झाला ना मॅडम.'

'लॅन पोर्ट कुणाच्या एंडला आहे? राउटर तुमचा आहे.'

थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग, अगदी समजुतीच्या सुरात: 'मॅडम, घरात कोणी सर आहेत का? त्यांना फोन द्या, म्हणजे त्यांना लगेच लक्षात येईल.'

सर होते. सर मेथी निवडत होते. मी फोन स्पीकरवर टाकला. तुमचे सुपरवायझर एकदम उत्साहात म्हणाले, 'सर, मॅडमना जरा समजावून सांगा, स्पीड फुल येतोय.' सरांनी विचारलं, 'कुठे येतोय?' 'राउटरला, सर.' 'मग आम्ही राउटरवर बसून काम करायचं का?' यावर पुन्हा कीबोर्ड. मग लॅपटॉप किती जुना आहे, ही चौकशी, तीही सरांकडे. लॅपटॉप माझा, कनेक्शन माझ्या नावावर, बिल माझ्या खात्यातून जातं, आणि उत्तरं सरांनी द्यायची! सर म्हणाले, 'मला त्यातलं काही कळत नाही, तिच्याशीच बोला.' तेव्हा कुठे गाडी माझ्याकडे वळली आणि मला सुचवण्यात आलं की वेग कमी वाटत असेल तर 500 चा प्लॅन घ्या. 100 च्या पोर्टमधून 500! हे वाक्य त्यांनी न हसता म्हटलं. संभाषण तुम्ही 'प्रशिक्षणासाठी' रेकॉर्ड करता ना? मग हे नक्की ऐकवा प्रशिक्षणात.

वाईट याचं वाटतं की सोसायटीच्या डक्टमधून तुमची फायबर टाकू द्यायची की नाही यावर मीटिंगमध्ये वाद झाला, तेव्हा तुमच्या बाजूने मी बोलले होते. त्याच सोसायटीत 300 च्या प्लॅनवर आणखी किती घरांत हाच राउटर लटकतोय, ते आता मी शोधणार आहे. बहुतेकांना केबल लावून बघायची वेळच आलेली नाही, यावर तुमचं चाललंय.

पुढची वाट मला माहीत आहे. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, एकेकट्या ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, तेव्हा 'ट्रायकडे जा' हे सांगू नका. ट्रायच्या 2012 च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे तुमच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येतं आणि त्याचा निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो. ते मी करणार आहे. त्याने भागलं नाही तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिकॉमची प्रकरणं तिथे चालत नाहीत, हे जुनं पालुपद सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये निकालात काढलं आहे.

मला हवंय ते असं: गिगाबिट लॅन पोर्ट असलेला राउटर, जादा पैसे न घेता. तो लागेपर्यंत बिल 100 च्या प्लॅनचं, आणि आजवर जादा घेतलेली रक्कम परत. ओटीपी न घेता तक्रार कुणी बंद केली, याचा लेखी खुलासा. राउटर बदलायला माणूस पाठवाल, तेव्हा त्याच्याकडे लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप द्या आणि त्याला आतल्या खोलीत येऊन टेस्ट करायला सांगा.

उत्तर ईमेलवर द्या. फोन करू नका.

आपली ग्राहक,
वाघबीळ, घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)

ग्राहक क्रमांक आणि बंद केलेल्या सर्व तक्रारींचे क्रमांक सोबतच्या बिलावर लिहिले आहेत.