स्कोप किती पटींचा, हा शेवटचा प्रश्न

संपादक महोदय,

आपल्या क्रीडा पुरवणीत गेल्या आठवड्यात रायफलच्या स्कोपविषयी, म्हणजे नेम धरण्याच्या दुर्बिणीविषयी, आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठीत नेमबाजीवर जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा ऑलिंपिकच्या 10 आणि 50 मीटर प्रकारांपाशीच थांबते, त्यामुळे प्रॅक्टिकल (वेगवेगळ्या अंतरांवरच्या लक्ष्यांवर घड्याळ लावून होणाऱ्या) आणि सर्व्हिस (सैनिकी धाटणीच्या) रायफल स्पर्धांसाठी स्कोप कसा निवडावा या विषयाला आपण अर्धे पान दिलेत याचा आनंदच वाटला. मात्र लेखासोबतच्या तक्त्यात पहिलाच रकाना ‘किती पट’, म्हणजे लक्ष्य किती पट मोठे दिसते, हा होता आणि ऐपतीत बसेल तेवढी जास्त पट घ्यावी, असा सल्लाही त्याखाली होता. या स्पर्धांत मी बरीच वर्षे उतरलो आहे आणि अलीकडे पंच म्हणून नेमबाजांच्या मागे उभा राहतो. तिथून जे दिसते त्यावरून मला हा क्रम उलटा वाटतो. पटींचा प्रश्न शेवटी विचारावा. त्याआधीच्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की तो पुष्कळदा आपोआप सुटलेला असतो.

सर्वांत आधी पाहायची ती नियमपुस्तिका. अमेरिकेतील सर्व्हिस रायफल स्पर्धांत अनेक दशके फक्त धातूच्या साइट, म्हणजे नेम धरण्याच्या साध्या खुणा, चालत. 2016 पासून तिथे स्कोपला परवानगी मिळाली, पण कमाल 4.5 पट आणि पुढच्या भिंगाचा व्यास जास्तीत जास्त 34 मिलिमीटर, अशी मर्यादा घालूनच. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल नेमबाजी संघटनेच्या रायफल स्पर्धांत सेमी-ऑटो ओपन गटात स्कोप चालतो, सेमी-ऑटो स्टँडर्ड गटात चालत नाही. म्हणजे आपल्या लेखात शिफारस केलेला 24 पटींचा स्कोप घेऊन एखादा नवखा नेमबाज सर्व्हिस रायफलच्या फळीत गेला, तर उपकरणांच्या तपासणीतूनच त्याला परत फिरावे लागेल. असे परत फिरणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांचा उतरलेला चेहरा पंचालाही बघवत नाही.

शिवाय 4.5 पट ही वाटते तेवढी तुटपुंजी नाही. 600 यार्डांच्या लक्ष्यावरचा काळा गोल 36 इंच व्यासाचा असतो. उघड्या डोळ्यांना तो चंद्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा दिसतो, 4.5 पटींच्या स्कोपमधून तोच गोल पौर्णिमेच्या चंद्राहून जरासाच लहान भासतो. चंद्रबिंबाच्या मधोमध क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली फुलीची खूण, धरायला निरोगी डोळ्याला अडचण पडू नये. ब्रिटिश सैन्याच्या एसए80 रायफलीवरचा सुसॅट हा स्कोप 4 पटींचा होता, अमेरिकेच्या मरीन सैनिकांनी वापरलेला एकॉगही 4 पटींचाच, आणि त्यामागे काटकसर नव्हती. धावून धाप लागलेल्या माणसाला लक्ष्य सापडले पाहिजे आणि भोवतालचेही दिसले पाहिजे, हा हिशेब होता.

लक्ष्य सापडणे हा मुद्दा कागदावर क्षुल्लक वाटतो, म्हणून माझीच फजिती सांगतो. प्रॅक्टिकल धर्तीच्या एका सामन्यात वेगवेगळ्या अंतरांवर सहा लोखंडी पाट्या होत्या आणि वेळ दीड मिनिटाचा होता. त्या दिवशी सकाळी कागदावर ग्रुप, म्हणजे एकाच नेमाच्या गोळ्यांचा पुंजका, तपासताना मी स्कोप 20 पटींवर नेला होता आणि तो तसाच राहून गेला. 20 पटींवर 300 मीटर अंतरावरची जेमतेम पाच-सहा मीटर रुंदीची पट्टी दिसते. शिटी वाजली, मी आडवा झालो, डोळा लावला, तर समोर नुसते गवत. डावीकडे सरकलो, तिकडेही गवत; पात्यांवरचे दवसुद्धा मोजता आले असते इतके स्वच्छ, पण पाटी कुठेच नाही. शेवटी डोके वर काढून उघड्या डोळ्यांनी अदमास घेतला, रायफल त्या दिशेला लावली आणि पहिली गोळी सुटली तेव्हा निम्मा वेळ संपला होता. सहापैकी दोन पाट्या वाजल्या. माझ्यानंतरच्या नेमबाजाने 8 पटींवर सहाही पाडल्या. त्याचा स्कोप माझ्याहून साधा होता.

जास्त पटींसोबत आणखी दोन गोष्टी येतात. ऊन चढले की जमिनीवरून उठणारी गरम हवेची थरथरही तितक्याच पटींनी मोठी होते. लक्ष्याची कड पाण्याखाली असल्यासारखी हलते आणि अनुभवी नेमबाज मुकाट्याने पट कमी करतो. दुसरे असे की, पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास मिळतो. 50 मिलिमीटर भिंगाला 10 पटींवर तो 5 मिलिमीटर असतो, 25 पटींवर अवघा 2. झोत जितका बारीक तितके डोके नेमक्या जागी ठेवावे लागते. प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून झाडताना, ते एक वेळ जमते, पण गुडघ्यावर किंवा एखाद्या अडथळ्याच्या कडेवर रायफल टेकवून वेडेवाकडे बसले असताना डोळ्यापुढे काळी चंद्रकोर फिरत राहते.

आता ज्या भागाबद्दल आपल्या लेखात एक ओळही नव्हती, त्याबद्दल. स्कोपच्या वरच्या आणि बाजूच्या टरेटवर, म्हणजे नेम वर-खाली आणि डावा-उजवा करण्याच्या फिरत्या बोंडांवर, अर्धी निवड अवलंबून असते असे माझे मत आहे. कारण या स्पर्धांत अंतर बदलत राहते. प्रत्येक अंतराला ठरावीक क्लिक, म्हणजे टरेटचे खटके, फिरवायचे, गोळी झाडायची आणि पुन्हा मूळ झिरोवर, म्हणजे नेम बसवून ठेवलेल्या जागी, परतायचे, हे दिवसभर चालते. प्रत्येक क्लिक जेवढे सांगते तेवढेच सरकले पाहिजे, आणि शंभर वेळा फिरवून परत आल्यावर झिरो जिथे होता तिथेच सापडला पाहिजे. काच थोडी मळकट असली तरी गुण मिळतात. टरेट खोटे बोलणारे असेल तर नेमबाजाला आपण कुठे चुकतो तेच कळत नाही.

हे मी एक हंगाम वाया घालवून शिकलो. माझा एक स्कोप 300 मीटरपर्यंत ठीक चाले आणि त्यापुढे गोळ्या खाली टाकी. मी दारूगोळ्याला दोष दिला, नळीला दिला, स्वतःच्या चाप ओढण्याला तर रोजच दिला. विकणाऱ्याने ‘माल उत्तम आहे, हात बसू द्या’ म्हणून वाटेला लावले. अखेर एका जाणत्या नेमबाजाने 100 मीटरवर उंच कागद लावायला सांगितले, त्यावर ओळंब्याने सरळ उभी रेघ मारली, तळाशी एक ग्रुप घ्यायला लावला आणि टरेट 10 मिल (मिल हे कोन मोजायचे एकक) वर फिरवून त्याच खुणेवर नेम धरून दुसरा ग्रुप झाडायला सांगितले. 100 मीटरवर 1 मिल म्हणजे 10 सेंटिमीटर, तेव्हा दोन ग्रुपमध्ये बरोबर 100 सेंटिमीटर अंतर हवे होते. पट्टी लावली तर 97 भरले. शेकडा तीनची ही तूट जवळ जाणवत नाही, पण 800 मीटरसाठी 7 मिल वर जावे लागत असेल तर गोळी सुमारे 17 सेंटिमीटर खाली पडते. ही परीक्षा कुणालाही एका सकाळी करता येते आणि नवा स्कोप घेतल्यावर पहिल्या आठवड्यातच करावी. त्याच रेघेने रेटिकल, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या रेघा-खुणा, तिरपे बसले आहे का, तेही उघडे पडते. 7 मिल वर गेल्यावर 3 अंशांचा तिरपेपणा 800 मीटरवर गोळीला सुमारे 30 सेंटिमीटर बाजूला नेतो आणि नेमबाज बिचारा वाऱ्याला शिव्या देत बसतो.

झिरो स्टॉप हीसुद्धा अशीच मागे पडलेली गोष्ट. टरेट खाली आणताना झिरोवर अडकून थांबावे यासाठी आत केलेली ती सोय असते. ती नसेल तर घाईत एक पूर्ण फेरा वर राहून जातो. 10 मिलचा फेरा असेल तर 300 मीटरवर गोळी 3 मीटर उंचावरून जाते आणि आपण मात्र टरेटवर शून्याचा आकडा पाहून निश्चिंत असतो.

एकके आणि रेटिकल यांचा मेळ हा पुढचा प्रश्न, आणि आपल्या लेखात इथे चूक झाली आहे. एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि मिल हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले आहेत. 1 मिल म्हणजे सुमारे 3.44 एमओए. दोन्ही एकके सारखीच चांगली आहेत, मात्र रेटिकलवरच्या खुणा ज्या एककात, त्याच एककात टरेटचे क्लिक असावेत. रेटिकल मिलमध्ये आणि टरेट पाव एमओएच्या क्लिकचे, असे मिश्र स्कोप अजूनही विकले जातात. गोळी 0.8 मिल खाली पडलेली दिसली तर अशा स्कोपवर 11 क्लिक द्यावे लागतात. घाईत माणूस 8 देतो आणि 500 मीटरवर पुन्हा 11 सेंटिमीटर खाली लागते. एककांचा मेळ असेल तर डोळ्याने जे मोजले तेच बोटांनी द्यायचे, मधला गुणाकार उरत नाही.

रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये, म्हणजे स्कोपच्या आत प्रतिमा उमटते त्या दोन पातळ्यांपैकी पुढच्या, असावे की दुसऱ्या, हे मात्र स्पर्धेवर ठरते. पहिल्या फोकल प्लेनमध्ये पट बदलली की खुणाही लहान-मोठ्या होतात आणि त्यांचे माप कायम खरे राहते. दुसऱ्यात खुणा एकाच पटीवर, बहुधा सर्वांत जास्त पटीवर, खऱ्या असतात आणि पट निम्मी केली की प्रत्येक खूण दुप्पट मोजावी लागते. लांब पल्ल्याच्या प्रॅक्टिकल सामन्यांना मी पहिलाच प्रकार सांगेन. जवळच्या वेगवान सामन्यांसाठी 1 ते 6 पटींचा स्कोप घेणाऱ्याला मात्र दुसरा प्रकार आणि मध्यावर दिवसाही दिसेल असा लाल ठिपका अधिक सोयीचा, कारण पहिल्या प्रकारात 1 पटीवर रेटिकल इतके आक्रसते की केस काचेला चिकटल्यासारखे वाटते.

पॅरलॅक्सबद्दल, म्हणजे डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखे दिसण्याबद्दल, लेखात ‘जुळवता येणारा असलाच पाहिजे’ असे ठाम विधान आहे. ते मोठ्या भिंगाच्या स्कोपला लागू पडते, सरसकट नाही. समजा कारखान्यात पॅरलॅक्स 100 मीटरला बसवला आहे आणि आपण 300 मीटरवर झाडत आहोत. डोळा अगदी कडेला गेला तरी 24 मिलिमीटर भिंगाच्या स्कोपमध्ये होणारी चूक जास्तीत जास्त भिंगाच्या व्यासाएवढी, म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या आत राहते. 50 मिलिमीटरच्या भिंगातून 600 मीटरवर तीच चूक साडेबारा सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि तिथे बाजूची पॅरलॅक्सची चकती हवीच. त्या चकतीवरच्या अंतराच्या आकड्यांवर फार विसंबू नये. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवावी, हात न लावता डोके किंचित वर-खाली करावे आणि रेटिकल लक्ष्यावर तरंगायचे थांबेपर्यंत चकती फिरवावी.

बसवणुकीविषयी थोडेच लिहितो. तपासणीच्या टेबलावर ‘स्कोप बिघडला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत स्कोप धरणाऱ्या ढिल्या रिंगा आणि त्यांखालच्या बेसचे सैल स्क्रू मला वारंवार आढळतात. चांगल्या स्कोपखाली कसातरी माउंट लावणे हे मला कधीच समजलेले नाही. डोळ्यापासूनचे अंतर ठरवताना स्कोप सर्वाधिक पटीवर ठेवावा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, मग उघडावेत, आणि हे प्रोन, बैठक, उभे अशा सर्व स्थितींत करावे. प्रोनमध्ये डोके पुढे सरकते आणि जोरकस धक्क्याच्या रायफलीवर भुवईला अर्धचंद्र मिळतो.

एवढे ठरल्यावर पटींकडे यावे. सर्व्हिस गटात मर्यादा नियमच सांगतो, जवळच्या प्रॅक्टिकल सामन्यांना 1 ते 6 किंवा 1 ते 8 पुरतात, आणि लांब पल्ल्याला वरची पट 20 असो की 25, चांगले नेमबाज बराचसा काळ 10 ते 16 च्या आसपासच असतात, असे मी त्यांच्या मागे उभा राहून पाहिले आहे. 5 पासून सुरू होणारा स्कोप 3 पासून सुरू होणाऱ्यापेक्षा भारदस्त दिसतो हे खरे, पण सामन्यात खालचा आकडा जास्त वेळा उपयोगी पडतो.

माझी विनंती एवढीच की, एमओए आणि मिल यांच्या सरमिसळीची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, आणि तो तक्ता पुन्हा द्यायचा झाल्यास त्यात क्लिकचे माप, रेटिकलचे एकक, झिरो स्टॉप आहे की नाही आणि सर्वांत कमी पट किती, हे चार रकाने घालावेत. जागा अपुरी पडली तर रंगाचा रकाना काढावा.

आपला विश्वासू,
एक नेमबाज वाचक