दहावीच्या मुलांना मैदानाचा तास परत द्यावा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि त्यांतली बहुतेक वर्षे दहावीचा शारीरिक शिक्षणाचा तास मागून घेतला. दिवाळीची सुट्टी संपली की ‘सर, भूमिती मागे पडली आहे, पीटीचा तास मला द्या’ असे क्रीडाशिक्षकांना म्हणायचे आणि त्यांनी तो मुकाट्याने द्यायचा, हा आमच्याकडचा शिरस्ताच होता. वेळापत्रकात तो तास वर्षअखेरपर्यंत त्यांच्याच नावावर राहायचा. आपण मुलांचे भलेच करत आहोत अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती, आणि अनेक शाळांत अजूनही हेच चालू असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मूल खो-खो खेळते, धावते, तेव्हा त्याच्या मेंदूकडे जाणारे रक्त वाढते आणि बीडीएनएफ नावाच्या प्रथिनालाही चालना मिळते. हे प्रथिन चेतापेशींना तगून राहायला आणि आपसांत नवे दुवे जोडायला मदत करते. आठवणी पक्क्या करण्याचे काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे. अमेरिकेत १२० ज्येष्ठ नागरिकांवर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटे भरभर चालण्याचा व्यायाम केला आणि त्या गटातल्या लोकांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. केवळ स्नायू ताणण्याचे हलके व्यायाम करणाऱ्यांचा मात्र वयोमानानुसार आक्रसत गेला. हा प्रयोग मुलांवरचा नव्हता, हे मान्य. पण उतारवयातला मेंदूही चालण्याला असा प्रतिसाद देत असेल, तर ऐन घडणीच्या वयात मुलांना आपण बाकावर का जखडून ठेवतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी. आमच्याकडे आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास होते, आणि त्यांतला एक मी घेत असे.

एका पूर्वपरीक्षेत मी पर्यवेक्षणाला होते. पहिल्या रांगेतल्या मुलीला वर्तुळ काढायचे होते, पण हात इतका थरथरत होता की कंपासचे टोक कागदावर टिकेना. तिने तीनदा खोडले आणि मग पेन्सिल खाली ठेवून नुसती बसून राहिली. आठवीपर्यंत ती शाळेच्या खो-खो संघात होती. नववीत ‘आता अभ्यास’ म्हणून घरच्यांनी आणि आम्ही मिळून तिला संघातून काढले होते. खेळत राहिली असती तर तिचा हात थरथरला नसता, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नियमित व्यायामाने चिंता आणि उदासी कमी व्हायला मदत होते, एवढे मात्र संशोधन पुन्हापुन्हा सांगत आले आहे, आणि नेमक्या गरजेच्या वर्षी आम्ही तिच्या हातून खेळणे काढून घेतले होते. गंभीर त्रास असलेल्या मुलाला डॉक्टर आणि समुपदेशकच हवेत. मैदान त्यांची जागा घेऊ शकत नाही.

नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी तो तास घेणे बंद केले. मुले घामेजून यायची, पाणी पिण्यात पाच मिनिटे जायची, पण नंतर प्रमेय ऐकताना वर्ग जागा असायचा. अभ्यासक्रमही वेळेत संपला.

मंत्रिमहोदय, शारीरिक शिक्षणाचा तास दुसऱ्या विषयासाठी वापरू नये, असा स्पष्ट आदेश नववी-दहावीसह सर्व वर्गांसाठी काढावा, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदवही पाहण्याआधी मैदानावर जाऊन यावे. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आणि सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरहून अधिक असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. या जागा रिकाम्या राहू देऊ नयेत. आणखी एक गोष्ट किरकोळ वाटेल, पण तिचा परिणाम खोलवर होतो. गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावणे थांबले पाहिजे, कारण धावणे ही शिक्षा आहे हे मूल त्यातूनच शिकते.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी हा आदेश निघाला, तर नवी वेळापत्रके त्याप्रमाणे आखता येतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका