तुम्ही तुमचं मशीन बंद केलंत, त्याबद्दल

काका,

त्या दिवशी तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र. कुणा ओळखीच्याच्या नजरेस पडलं तर तुमच्यापर्यंत पोचेल.

लोहखड्यांनी भरलेली ती लाल उतरण तुम्हाला आठवत असेल. तिथे सोनं शोधताना माझा मेटल डिटेक्टर पावला-पावलाला किंचाळत होता. चार महिने मी त्या आवाजाशी झगडत होते. ज्यांनी मशीन विकलं त्यांनी बजावलं होतं, "सेन्सिटिव्हिटी फुल्ल ठेवा, सोनं सुटणार नाही." तक्रार घेऊन गेले तेव्हा तेच म्हणाले, जमीन खराब आहे, पल्स इंडक्शन नावाच्या वेगळ्या तंत्राचं महागडं मशीन घ्या. एका जुन्या जाणत्याने मशीन माझ्या हातातून ओढून घेतलं, चार बटणं दाबली आणि परत दिलं. काय केलंत विचारलं, तर उत्तर नाही. आणि उमेद द्यायला सगळ्यांकडे एकच गोष्ट: १९८० साली ऑस्ट्रेलियात किंगॉवरला डिटेक्टरने सापडलेला 'हँड ऑफ फेथ' हा सोन्याचा गोळा, सत्तावीस किलोंचा. मला तेव्हा कणभर सोन्याचा आवाज कसा असतो, हेही माहीत नव्हतं.

तुम्ही वरच्या अंगाला तुमचं काम करत होतात. माझ्या मशीनची बोंब ऐकून खाली आलात, आणि एक शब्द बोलायच्या आधी स्वतःचं मशीन बंद करून जमिनीवर ठेवलंत.

मला वाटलं, गप्पा मारायला आलात. नंतर कळलं, की दोन डिटेक्टर जवळजवळ चालू असले की एकमेकांच्या कामात लुडबुड करतात आणि हेडफोनमध्ये उगाच चिरचिर होते. माझ्या कानाला स्वच्छ ऐकू यावं म्हणून तुम्ही तुमचा दिवस थांबवला होतात. दोन तास तुम्ही दगडावर बसून होतात आणि तुमचं मशीन तुमच्या पायाशी गप्प पडलं होतं. माझ्या मशीनला तुम्ही हात लावला नाहीत. "तुम्हीच फिरवा, तुमच्याच कानाला कळलं पाहिजे," एवढंच म्हणालात.

मग सेन्सिटिव्हिटी कमी करायला सांगितलीत. कमी! मला ते उलटंच वाटलं. तुम्ही म्हणालात, "मशीन बहिरं नाही, तुम्ही त्याला गलक्यात उभं केलंय." जमिनीतलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज स्वतःच एवढं मोठ्याने बोलत होतं, की मी आवाज वाढवला की आधी तेच वाढायचं. कॉइल, म्हणजे मशीनची खालची चकती, जमिनीलगत आणि गुडघ्याइतक्या उंचीवर अशी वरखाली करत ग्राउंड बॅलन्स लावायचा, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज मशीनला वगळायला लावायचा, थ्रेशहोल्डची, म्हणजे मशीनच्या सततच्या मंद आवाजाची, बारीक गुणगुण दोन्हीकडे सारखी येईपर्यंत. चार पावलांवर जमीन बदलली की पुन्हा तेच. लोखंडाचे आवाज गाळणारं डिस्क्रिमिनेशन तर तुम्ही बंदच करायला लावलंत, कारण अशा जमिनीत बारीक सोनं मशीनला लोखंडासारखं भासू शकतं. म्हणजे चार महिने मी खिळे टाळण्याच्या नादात सोनंही टाळत होते की काय, या विचाराने त्या क्षणी पोटात कालवलं. तुम्ही ते ओळखलंत बहुतेक. "ते गेलं. आता ऐका," म्हणालात.

खिशातून प्लास्टिकची एक चकती काढलीत. तिच्यावर चिकटवलेलं सोनं टिकलीच्या निम्म्याएवढं असेल. मला पाठ फिरवायला लावून ती दोन बोटं खोल पुरलीत. जमीन एव्हाना बऱ्यापैकी शांत झाली होती. हळू, जमिनीला समांतर, आधीचा पट्टा थोडा झाकत कॉइल फिरवत राहिले, आणि त्या गुणगुणीत एक बारीकसा उंचवटा आला. नुसता कानाला लागला न लागला एवढा. मी थांबले. तुम्ही काहीच बोलला नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाहीत. मी परत फिरवलं, आवाज त्याच जागी आला. उकरलं तर चकती हातात.

काका, तेव्हा मी रडले त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. चार महिने सगळ्यांनी मला पटवून दिलं होतं, की एक तर जमिनीत खोट आहे, नाही तर माझ्यात. आपल्याला येतं ते समोरच्याला येईपर्यंत शेजारी बसून राहणारी माणसं असतात, हे मी विसरत चालले होते. या छंदात जागा लपवतात ते मी समजू शकते. पण एखाद्याला ऐकायचं कसं तेही न सांगणं मला कधीच समजणार नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, त्याच उतरणीवर, एका हॉट रॉकला, म्हणजे मशीनला धातूसारखा भासणाऱ्या दगडाला, लागून मला माझा पहिला कण मिळाला. ग्रॅमच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरला. काचेच्या कुपीत पाणी भरून त्यात ठेवलाय. विकणार नाही.

एक मात्र राहिलं. निघताना तुम्ही चकती माझ्याकडेच विसरलात. मी रोज सकाळी ती दोन बोटं पुरून मशीन तपासते, मगच काम सुरू करते. पण तिच्यावरचं सोनं तुमचं आहे. मी आठवड्यातून दोन दिवस त्याच उतरणीवर असते. तुमची चकती सोबत असते.