ई-ट्रॅक्टर किती तास चालतो ते नको, किती युनिट खातो ते सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-ट्रॅक्टरच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. फोटोत हार घातलेला ट्रॅक्टर, त्यावर बसलेले पाहुणे आणि खाली ठरलेली ओळ: एका चार्जिंगमध्ये इतके तास. त्या ओळीबद्दलच मला लिहायचे आहे. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. शेती वडिलोपार्जित, नोकरी वीज खात्यात लाइनमन म्हणून झाली. त्यामुळे ट्रॅक्टर आणि डीपी (वस्तीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) या दोघांचेही रुसवेफुगवे मला ठाऊक आहेत.

सोनालिकाने डिसेंबर 2020 मध्ये 'टायगर इलेक्ट्रिक' बाजारात आणला. सुरुवातीची किंमत 5 लाख 99 हजार, बॅटरी 25.5 किलोवॅट-तासांची (म्हणजे आपल्या बिलातली साडेपंचवीस युनिटे), आणि दोन टनांची ट्रॉली घेऊन आठ तास चालेल असे कंपनीने सांगितले. ते खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. पण साडेपंचवीसला आठने भागून पाहा. तासाला सव्वातीन युनिटेसुद्धा पुरती होत नाहीत, म्हणजे सव्वाचार एचपीच्या आसपास. सपाट रस्ता, जाताना भरलेली आणि येताना रिकामी ट्रॉली, मधे माल उतरवेपर्यंत उभे राहणे, एवढ्या कामाला तेवढी ताकद पुरते. साखर कारखान्याचे आवार, मार्केट यार्ड, दुधाचा संघ, नर्सरी, मोठा गोठा इथे हा ट्रॅक्टर आजही शोभेल.

आता हाच हिशेब बागेत आणू. आमच्याकडे मिनी ट्रॅक्टरचे मुख्य काम ब्लोअरचे, म्हणजे पंख्याच्या जोराने औषध फवारण्याचे. 24 एचपीचा ट्रॅक्टर, मागे सहाशे लिटरची टाकी, पीटीओ (मागचे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट) मिनिटाला 540 फेऱ्यांवर, पंखा भरात आणि इंजिन सतत दाबात. तासाला साडेतीन लिटर डिझेल जाते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिटे ऊर्जा असते, पण शाफ्टवर त्यातली तीनच येतात; बाकीची सायलेन्सरवाटे आणि रेडिएटरवाटे निघून जातात. म्हणजे ब्लोअरला प्रत्यक्षात तासाला दहा-साडेदहा युनिटे लागतात. मोटरची आणि कंट्रोलरची गळती धरली तर बॅटरीतून साडेअकरा-बारा जातील. पंचवीस युनिटांची बॅटरी तळाशी थोडी राखून वापरली की दोन तासांत रिकामी. तोच ट्रॅक्टर, तीच बॅटरी; ट्रॉलीला आठ तास आणि ब्लोअरला दोन. माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर लावला तर त्याहून कमी. 45 एचपीच्या वर्गातले ई-ट्रॅक्टरही आता आले आहेत, पण मोटर मोठी तशी भूकही मोठी. भागाकार तिथेही चुकत नाही.

दोन तास कमी का पडतात, हे बागेबाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगे (कोवळे कोंब) फुटलेले असतात, किंवा घड फुलोऱ्यात असतो, आणि रात्रीतून पाऊस होऊन जातो. पहाटे पाने ओलीचिंब. डाऊनी या बुरशीच्या रोगाला एवढे पुरते. मग उजाडायच्या आत टाकी भरायची आणि जेवढी बाग आहे तेवढी एका दमात मारून घ्यायची. पाच एकरांना टाकी भरण्याचा वेळ सोडून साडेतीन तास ब्लोअर चालतो. तीन एकर झाल्यावर बॅटरी बसली आणि घरच्या प्लगवर दहा तास लावायची असेल, तर उरलेल्या दोन एकरांतली डाऊनी तोवर थांबत नाही. डिझेल संपले तर पोराला मोटारसायकलवर कॅन देऊन पिटाळता येते. विजेचा कॅन मिळत नाही.

म्हणून डिझेलच बरे, असा निकाल कोणी काढू नये. मांडवाच्या बागेत ज्याने डिझेल ट्रॅक्टर चालवला आहे त्याला विचारा. वर पानांचा छत, खाली धूर कोंडलेला, मागून औषधाचा तुषार. सायलेन्सर वर असेल तर कोवळी पाने भाजतात, म्हणून बागेच्या ट्रॅक्टरला तो खाली वळवून घेतात. मग तीच गरम हवा चालवणाऱ्याच्या पायावर. औषध तर अंगावर येतेच, त्यात धुराची भर. कानात घरघर रात्रीपर्यंत राहते. विजेच्या ट्रॅक्टरने यातले निम्मे तरी जाईल. शिवाय टाकी भरेपर्यंत डिझेलचे इंजिन उगाच धडधडत ठेवायची आपल्या चालकांची सवय, त्यात जाणारे तेल वाचेल. आणि मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर देते, ओल्या सरीत चाक घुमायला लागले की याचा उपयोग कळतो.

खर्चातही वीज सरस आहे, यात वाद नाही. डिझेल नव्वद रुपये धरा आणि लिटरला शाफ्टवर तीन युनिटे, म्हणजे युनिट तीस रुपयांना पडले. घरगुती दराने वीज दहा-बारा रुपये. चार्जरपासून मोटरपर्यंतची सगळी गळती मिळवून पंधरा. सरळ निम्मा खर्च. माझ्या ट्रॅक्टरचे मीटर वर्षाला साडेतीनशे तासांच्या आसपास फिरते. सगळी कामे मिळून सरासरी अडीच लिटर धरले तर डिझेल अठ्ठ्याहत्तर-ऐंशी हजारांचे. त्यातले निम्मे वाचले, म्हणजे चाळीस हजार. इंजिन ऑइल आणि फिल्टरचे वेगळे. ई-ट्रॅक्टर दोन-तीन लाखांनी महाग असेल तर हे पैसे फिटायला पाच ते साडेसात वर्षे लागतील, आणि तेवढ्यात बॅटरी म्हातारी होईल. याउलट गावात भाड्याने ट्रॅक्टर चालवणारा वर्षाला हजार तास सहज मारतो, त्याचे पैसे दोन-तीन वर्षांत निघतील. पण त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत नांगर नाहीतर रोटा चालवायचा असतो. ज्याला परवडतो त्याला पुरत नाही आणि ज्याला पुरतो त्याला परवडत नाही, असे सध्याचे त्रांगडे आहे.

त्यात जीएसटीची गंमत पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून डिझेल ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. शेतकऱ्यासाठी ते चांगलेच झाले. पण विजेच्या वाहनांना 5 टक्के आधीपासूनच होता, त्यामुळे ई-ट्रॅक्टरला करात जी थोडी बढत होती तीही गेली. एका हाताने ई-ट्रॅक्टरला सवलत द्यायची आणि दुसऱ्या हाताने डिझेलवाल्याला बरोबरीला आणून बसवायचे!

लहान अवजारांत मात्र हा सामना केव्हाच निकाली निघाला आहे, आणि कोणी हार घालून उद्घाटन न करता. पाठीवरचा सोळा लिटरचा बॅटरी पंप घ्या. आत 12 व्होल्ट, 8 अँपिअरची बॅटरी, म्हणजे एका युनिटाचा दहावा हिस्सा. चार्जिंगला रुपया-सव्वा रुपया. हाताने दांडा मारायचा पंप आणि पेट्रोलचा पंप दोघांनाही त्याने घरी बसवले. छाटणीची बॅटरीवरची कात्री आली, मजुरांचे मनगट वाचले. कारण साधे: काम हलके, बॅटरी लहान, आणि ती बसली तर पिंपळगावात नाहीतर लासलगावात दुकानातून दुसरी आणून अर्ध्या तासात बसवता येते.

पण लहान म्हणजे विजेचेच, असेही नाही. माझे व्याही राजापूरचे, त्यांची हापूसची कलमे कातळउतारावर. पावसाळा संपता संपता गवत कमरेएवढे वाढते आणि दिवसभर ग्रासकटर चालतो, तोही टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून. धूर, वास, आवाज सगळे आहे, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा मोठा हिस्सा न जळताच बाहेर पडतो हेही खरे. तरी घरापासून एवढ्या खाली गेल्यावर तासाभरात बॅटरी संपली तर चढून वर यायचे कोणी? अंगणातल्या आणि गोठ्याभोवतीच्या गवताला त्यांनी बॅटरीचे यंत्र घेतले आहे, कलमांत पेट्रोलचे ठेवले आहे. मला त्यांचे पटते. काम बघून यंत्र ठरवावे, जाहिरात बघून नाही.

आता माझ्या खात्याचा विषय. ई-ट्रॅक्टरची चर्चा ट्रॅक्टरवरच अडकली आहे. तो लावायचा कुठे, हे कोणी विचारत नाही. शेतकरी राहतो मळ्यातल्या वस्तीवर. तिथे शेतीच्या फीडरवर (शेतीपंपांसाठीच्या वीजवाहिनीवर) थ्री फेज ठरावीक तासच असते, आणि एरवीची सिंगल फेज ही दिवे, पंखे, टीव्ही यांच्या हिशेबाने दिलेली. ट्रॅक्टरचा घरगुती चार्जर तीन किलोवॅट ओढतो, तेरा-चौदा अँपिअर, तोही रात्रभर. संध्याकाळी वस्तीवर व्होल्टेज 170-180 वर उतरते तेव्हा बरेच चार्जर बंदच पडतील. आणि एका डीपीवरच्या चार वस्त्यांनी रात्री नऊला चार ट्रॅक्टर लावले तर डिओ (डीपीचा फ्यूज) उडणार. मग कोणाला झोपेतून उठवतात, हे माझ्या घरच्यांना विचारा.

तरीही हे न सुटणारे आहे असे मला वाटत नाही, आणि हे मी डीपीकडे बघून बोलतो. तीन किलोवॅट म्हणजे पाच एचपीच्या एका पंपापेक्षा कमी. 63 केव्हीए क्षमतेच्या डीपीवर असे डझनभर पंप असले की तो भरत आलेला असतो. दोन-तीन ट्रॅक्टर वाढणार असतील तर डीपी 100 चा करावा लागेल, एवढेच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी 2.0 मधून 16 हजार मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवून फीडर सौरऊर्जेवर आणण्याचे काम 2023 पासून चालू आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी हा त्याचा हेतू. नेहमीच्या फवारण्या आम्ही सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करतो. अकरा ते चार ट्रॅक्टर निंबाखाली उभाच असतो, आणि सौरऊर्जा भरात असते तीही त्याच वेळी. त्या पाच तासांत पंधरा युनिटे आत जातील. पावसाच्या पहाटेला ती पुरणार नाहीत, पण वर्षातल्या बहुतेक फवारण्यांना पुरतील.

राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात ई-ट्रॅक्टर धरला आहे, किमतीत सवलत आहे. माझी सूचना अशी की, त्या सवलतीतला काही हिस्सा ट्रॅक्टरच्या आधी शेडमधल्या जोडणीला द्यावा: वेगळे मीटर, जाड केबल, नीट अर्थिंग आणि पावसात भिजणार नाही असा सॉकेट. फवारणीचा ट्रॅक्टर कायम ओला असतो, त्याच्या शेजारी लोंबकळणारी वायर मला बघवणार नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मार्च 2029 पर्यंत मोफत वीज आहे. त्याच जोडणीवर ट्रॅक्टर लावला तर चालेल की तो गैरवापर ठरेल, हेही योजनेच्या अर्जावरच छापावे. नाहीतर पथक आल्यावर बांधावर वाद घालत बसावे लागेल, आणि त्यात लाइनमनचा बळी जातो.

भारतीय मानक ब्युरोने 2025 मध्ये इलेक्ट्रिक ट्रॅक्टरच्या चाचणीची स्वतंत्र संहिता काढली. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्राची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिथले आकडे इंग्रजी अहवालात न ठेवता शोरूममध्ये ट्रॅक्टरवरच चिकटवावेत: ट्रॉलीला तासाला किती युनिटे, पीटीओवर पूर्ण दाबात किती, रोटाव्हेटरला किती. सोबत दोन गोष्टी लेखी हव्यात: नव्या बॅटरीची आजची किंमत, आणि ती बदलून देणारा माणूस किती किलोमीटरवर बसतो.

कंपन्यांनाही एक सांगणे आहे. प्रदर्शनाच्या मैदानात पिवळ्या पट्ट्यांमधून ट्रॅक्टर फिरवून दाखवू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर एखाद्या पहाटे निफाड-दिंडोरीकडच्या कोणत्याही बागेत आणा, सहाशे लिटरची टाकी भरून ब्लोअर जोडा आणि बॅटरीचे मीटर आम्हाला बघू द्या. चहा आमच्याकडे. चार्जरची केबल मात्र लांब आणा, आमची शेड रस्त्यापासून आत आहे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक