चिठ्ठी उलटून बघणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

परवा माझी पीएचडीची व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, झाली. संध्याकाळी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही "छान! आता दोन दिवस झोप काढ" म्हणालात आणि ठेवलात. मला जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं. झोपही आली नाही. म्हणून हे उघडं पत्र. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे आता माहीत झालंय. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

माझं काम काय होतं, ते इतर वाचणाऱ्यांसाठी दोन ओळींत सांगते. माणदेशातल्या एका गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी ॲप केलं. काट्यावर दूध, मशीनमध्ये फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), आणि कागदी चिठ्ठीऐवजी खातेदाराच्या फोनवर एसएमएस. गाईच्या दुधाचं फॅट ३.५ च्या किंवा एसएनएफ ८.५ च्या खाली गेलं तर दर पॉइंटमागे किती पैसे कापले, दहा दिवसांचं बिल किती झालं, सगळं त्यात. ॲप चाललं. केंद्रचालक खूश, कागदाचा रोल वाचला म्हणून दूध संघ खूश. तिसऱ्या महिन्यात बायका पुन्हा चिठ्ठी मागायला लागल्या. मी त्याला 'बदलाला विरोध' असं भारदस्त नाव दिलं आणि एका परिच्छेदात गुंडाळून पुढे गेले.

आमच्या विभागात तोवर माझ्या हाती धुपाटणं आलेलं होतं. मॅनेजमेंटवाले म्हणायचे, हे तर सॉफ्टवेअर झालं, यात थिअरी कुठाय? कॉम्प्युटरवाले म्हणायचे, सॉफ्टवेअर ठीक आहे, पण नवा अल्गोरिदम कुठला? दर सहा महिन्यांच्या प्रगती अहवालाला हेच दोन प्रश्न, फक्त विचारणाऱ्यांच्या खुर्च्या बदललेल्या. एका सरांनी हेव्हनर, मार्च, पार्क आणि राम या चौघांच्या, वस्तू घडवून संशोधन कसं करावं यावरच्या २००४ च्या लेखाची झेरॉक्स हातात दिली. म्हणाले, "डिझाइन सायन्सच्या सात गाईडलाइन्स आहेत, टिक करून आण." मी आणल्या टिक करून. सातच्या सात. नंतर कधीतरी तो लेख सलग वाचला, तर त्या चौघांनीच त्यात बजावलंय की या गाईडलाइन्स सक्तीनं, घोकंपट्टीसारख्या वापरू नका. म्हणजे झेरॉक्स देणाऱ्यानंही वाचला नव्हता आणि घेणारीनंही.

दुसऱ्या सरांचा तोडगा प्रश्नावलीचा. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणारं डेव्हिस यांचं १९८९ चं टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल घे, उपयुक्तता विचार, सोपेपणा विचार, पाच पर्याय दे, आकडे काढ. मी दारोदार फिरले. मावश्या म्हणायच्या, "तुमाला काय लिवायचं ते लिवा ताई, आदी च्या घ्या." सगळीकडे 'पूर्णपणे सहमत'. अल्फा, म्हणजे उत्तरांचा एकमेकांशी मेळ किती ते सांगणारा आकडा, इतका सुरेख आला की प्रगती अहवाल ऐकणाऱ्या समितीत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे बघून हसलं. त्या आकड्यांत चहाचा वाटा किती, ते मोजायची सोय मॉडेलमध्ये नाही.

आणि मग तुम्ही दोन दिवसांच्या कार्यशाळेला आलात. माझं सादरीकरण जेवणानंतरच्या सत्रात, बारा मिनिटं. बेल आठव्या मिनिटाला वाजली. "हा प्रोजेक्ट आहे, संशोधन नाही" हे वाक्य त्या दिवशी पुन्हा एकदा ऐकलं आणि कॅन्टीनच्या कोपऱ्यात जाऊन बसले. तुम्ही वडा-पावची प्लेट घेऊन समोर येऊन बसलात. ओळख ना पाळख. म्हणालात, "फाइल दाखव. स्लाइड्स पाहिल्या मी."

फाइलमध्ये प्लास्टिकच्या कप्प्यांत जुन्या चिठ्ठ्या होत्या. तुम्ही कप्प्याकडे हात नेलात, मध्येच थांबलात. बोटांना वड्याचं तेल लागलं होतं. पर्समधून रुमाल काढून तुम्ही एकेक बोट पुसलंत, मग चिठ्ठी बाहेर काढलीत. मॅडम, माझ्या कामातली एखादी वस्तू कोणी हात पुसून उचलावी, हे चार वर्षांत पहिल्यांदा घडत होतं. समितीत माझा अहवाल चहाच्या कपाखाली ठेवलेला मी पाहिलेला आहे. त्याचा गोल डाग अजून मुखपृष्ठावर आहे.

थर्मल कागद तो, छपाई उडून गेलेली. तारखेचा अर्धा भाग आणि एक पुसट ८ एवढंच उरलं होतं. पुढून काही वाचता येईना म्हणून तुम्ही ती उलटलीत आणि विचारलंत, "हे अक्षर कोणाचं?"

मागे निळ्या बॉलपेननं लिहिलेलं होतं: 'जाऊ २ लि. पेंड बाकी ४००. सहल.'

ती चिठ्ठी अकरा महिने माझ्याकडे होती. मी तिला क्रमांक दिला होता, कप्प्यावर लेबल लावलं होतं. उलटून एकदाही पाहिली नव्हती. मी काहीतरी सावरायला म्हणाले, "असंच लिहिलं असेल त्या बाईंनी." तुम्ही म्हणालात, "असंच? मग तुला देईपर्यंत जपून कशाला ठेवली होती तिनं?" आणि चिठ्ठी परत कप्प्यात सरकवून वडा खायला लागलात.

पुढच्या आठवड्यात मी पहाटेच्या दूध घालण्याला केंद्रावर जाऊन उभी राहिले, प्रश्नावली न घेता. किटल्या घेऊन येणाऱ्या बहुतेक बायका. खाती बहुतेक नवऱ्यांच्या नावावर. एक मावशी म्हणाली, "मेसेज मालकाच्या फोनवर जातोय. मालक सांगतील तवा आमाला कळायचं." मालक म्हणजे नवरा, आणि खात्याचा मालकही तोच. पुढून ती चिठ्ठी संघाची होती, मागून बाईची. जावेचं दोन लिटर आपल्या किटलीत आलं तर त्याचे पैसे वेगळे काढायचे, पेंडीची उधारी, पोरीची सहल, हा सगळा हिशेब त्या पाठीवर चालायचा आणि घडी घालून कमरेच्या पिशवीत जायचा. मी केलेल्या एसएमएसला पाठच नव्हती. त्यांचा विरोध बदलाला नव्हता. मी त्यांची वही काढून घेतली होती.

यात थिअरी कुठली, हे तुम्ही फोनवर तुकड्या-तुकड्यानं शिकवलंत, तेही मी 'पण मॅडम' म्हणत असताना. हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्येच मांडलं होतं की माणसानं घडवलेल्या वस्तूंचंही शास्त्र असू शकतं. शर्ली ग्रेगर यांनी २००६ मध्ये माहिती प्रणालीतल्या थिअरीचे पाच प्रकार सांगितले. त्यातला पाचवा प्रकार डिझाइन आणि कृतीचा, म्हणजे वस्तू कशी घडवावी हे सांगणारा. आमच्या विभागाच्या हिशेबात पहिले चारच होते. पण पाचव्यात आपोआप जागा मिळत नाही, हेही तुम्हीच ठणकावलंत. ग्रेगर आणि जोन्स यांनी २००७ मध्ये डिझाइन थिअरीचे आठ घटक दिले. मी नेहमीप्रमाणे आठ टिका करायला बसले, तेव्हा तुम्ही एकाच घटकावर बोट ठेवलंत: तुझं डिझाइन का चालतं, याचा आधार काय?

तो आधार दूध-डेअरीपासून फार लांब सापडला. स्टार आणि ग्रीसमर यांचा १९८९ चा अभ्यास कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या प्राण्यांच्या संग्रहालयावरचा, जिवंत प्राण्यांच्या नव्हे, नमुन्यांच्या. तिथे शास्त्रज्ञ, हौशी संग्राहक आणि फासे लावणारे शिकारी एकाच नोंदपद्धतीवर काम करायचे, आणि त्यातून प्रत्येकाला आपापलं काहीतरी साधायचं असायचं. अशा वस्तूंना त्यांनी 'बाउंडरी ऑब्जेक्ट' म्हटलं, सीमेवरची वस्तू. माझी चिठ्ठी तशीच, सीमा फक्त संघ आणि स्वयंपाकघर यांच्यामधली.

तिथून एक तत्त्व निघालं: ज्याच्या हातून माल येतो त्याच्या हातात नोंद परत गेली पाहिजे, आणि तिच्यावर त्याला स्वतःचं काही लिहिता आलं पाहिजे. हे कुठे लागू होणार नाही तेही लिही, असं तुम्ही म्हणालात. लिहिलं. त्याच गावात जिथे खातेदार स्वतःच दूध घालतो, तिथे एकानंही चिठ्ठी परत मागितली नव्हती. परवा परीक्षकांनी सर्वात जास्त वेळ याच पानावर काढला. बाहेर आल्यावर जुन्या समितीतले एक सर खांद्यावर थाप मारून म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, यात दम आहे." मी "हो सर" म्हटलं. काय करणार!

ऋणनिर्देशात तुमचं नाव घातलं तर तुम्ही खोडायला लावलंत. "मी काय केलं? वडा खाल्ला." मॅडम, चांगली माणसं अशीच बोलतात आणि आपल्याला गप्प करतात. तुम्ही माझ्या गाईड नव्हतात, परीक्षक नव्हतात, तुमच्या कुठल्या पेपरला माझं काम उपयोगी पडणार नव्हतं. तो केंद्रचालकही तसाच. मी पहाटे येणार कळल्यावर माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवायचा आणि स्वतः क्रेटवर बसायचा. अशांची यादी करायला बसले तर बरीच मोठी होते, याचं मलाच नवल वाटतं. चार वर्षं माझ्या डोक्यात फक्त दुसरी यादी होती.

आता केंद्रावर एसएमएसही जातो आणि चिठ्ठीही निघते. मागच्या बाजूला चार रेघा छापून घेतल्यात. गेल्या आठवड्यात संघानं रोल बदलला, तर त्याच मावशीनं मला गाठलं: "ताई, ह्यो कागद लई गुळगुळीत हाय, पेन उठत न्हाई." चालकाला जुना रोल आणायला सांगितलंय. सोमवारी येईल म्हणतो.

तुमची,
चिठ्ठीवाली